तीन थापा, एक हाक

कोडोली, १९ ऑगस्ट २०२४

ती. आण्णांना,

अनुजाचा नमस्कार. रागात असलात तरी नमस्कार घ्यावा लागतो, तेव्हा घ्या.

तुम्ही फोन बंद करून आत्तींच्या ट्रंकेत टाकलाय, असं त्यांची नात स्वप्नाली सांगत होती. म्हणून ही चिठ्ठी. घरातल्या बायका रुसून माहेरी जातात हे मी लहानपणापासून बघत आले. सासरा सुनेवर रुसून बहिणीच्या घरी जाऊन बसतो, हे मात्र मी पहिल्यांदाच बघते आहे. गावात कुणी विचारलं की मी सांगते, ‘आण्णा शाहूवाडीला भाताची भांगलण बघायला गेलेत.’ लोक हसतात. तुम्ही उसातले माणूस, भाताचं तुम्हाला काय कळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

जाताना तुम्ही जे बोललात ते माझ्या कानातून जात नाही. ‘फौजदार अजून जित्ता हाय, आनि तू त्याच्या जागंवर दुसरं कुत्रं आणून बांधलंस?’ आण्णा, मी बांधलं नव्हतं. माझ्या भावानं हातकणंगल्याहून बुट्टीत घालून आणलं, आणि ते बुट्टीतून उडी मारून स्वतःच फौजदारच्या पोत्यावर जाऊन बसलं. दीड महिन्याच्या पिल्लाला कुणाची जागा कुठली, हे काय समजणार? मला वाटलं, तुम्ही दिवसभर रस्त्याकडे डोळे लावून बसता, त्यापेक्षा पायात काहीतरी घुटमळेल, जरा बरं वाटेल. तेवढंच होतं.

फौजदार येईल तेव्हा येईल. त्यासाठी तुम्ही पावसात डोंगर तुडवायची गरज नाही. बाजारात भेटलेला कोण कुठला पावणा सांगतो की मलकापूरच्या पुढं कान फाटलेलं तांबडं कुत्रं बघितलं, आणि तुम्ही निघालात. जिल्ह्यात कान फाटलेलं तांबडं कुत्रं काय एकच आहे?

बरं, आता तुमच्या शत्रूचे पराक्रम ऐका. परवा धारा काढून मी पाच लिटरची किटली गोठ्याच्या दारात ठेवली आणि तलाठीण म्हशीला पेंड टाकायला आत गेले. पिल्लानं तळाचं दूध चाटायला डोकं आत घातलं आणि ते अडकलं. आतून असा आवाज यायला लागला की तलाठिणीनं दावं तोडायचंच बाकी ठेवलं होतं. मी धरायला गेले तर ते किटलीसकट पळालं. आणि कुठं पळावं? रोज ह्यांच्या मागनं डेअरीला जातं, तीच वाट धरली. न बघता! तोंडावर किटली, शेपूट वर, सरळ जाऊन दूध घालणाऱ्यांच्या रांगेत उभं राहिलं. मी धापा टाकत पोचले, तर डेअरीचे सचिव मला म्हणतात, ‘वैनी, ह्येचं फॅट काढू काय?’ सगळी रांग फिदीफिदी. शेवटी मानेला गोडेतेल चोळून सोडवलं. कान अजून तेलकट आहेत.

तुम्ही असता तर हसला असता. आधी मला शिव्या दिल्या असत्या, मग हसला असता.

परत या.

तुमची सून,
अनुजा


कोडोली, ३१ ऑगस्ट

ती. आण्णांना,

उत्तर नाही. ठीक आहे. सातवी पास माणसाला लिहिता येतं, हे मला माहीत आहे, एवढंच लक्षात असू द्या.

इथं माझं कशात लक्ष लागत नाही. भाकरी थापता थापता उठून दारात जाते, दारातून गोठ्यात, गोठ्यातून परत चुलीकडं, तोवर तव्यातली करपलेली असते. हे म्हणतात, ‘तुला काय झालंय गं? सारखी भवऱ्यागत फिरायलीस.’ मी म्हटलं, आण्णा नाहीत, घर खायला उठतंय. ते म्हणाले, ‘आण्णा हुते तवा तर दिवसातनं धा येळा भांडत हुतीस.’ आता ह्यांना काय सांगायचं.

पिल्लाला पाणी सापडलंय. म्हणजे काय, ठिबकच्या नळीला कान लावला की आत पाणी सुळसुळतं, ते त्याला ऐकू येतं. त्याला वाटतं आत उंदीर आहे. रविवारी ह्यांनी मोटर सुरू केली आणि बघतात तर उसात सतरा ठिकाणी कारंजी. पिल्लू एका कारंज्याकडून दुसऱ्याकडं पळतंय आणि पाण्याला चावतंय. हे शिरोलीची रात्रपाळी करून आलेले, डोळे तांबडे, हातात काठी. पिल्लानं काठी बघितली आणि त्याला वाटलं खेळायला आणली. एक टोक ह्यांच्या हातात, एक त्याच्या तोंडात. तुमचा लेक फौंड्रीत भट्टीपुढं उभा राहणारा गडी, पण त्या दोन वितीच्या पिल्लानं त्याला चिखलात बसवला. आम्ही दोघं दिवसभर नळ्या जोडत बसलो.

त्याला नाव नाही, ही खरी पंचाईत आहे. आपल्या घरात जनावराला नाव तुम्ही ठेवता. म्हशी तलाठीण आणि सरपंचीण, बैल मामलेदार, कुत्रा फौजदार. अख्खी कचेरी गोठ्यात. मी नाव ठेवायचा प्रयत्न केला. राजा म्हटलं, टायगर म्हटलं, ह्यांनी तर सिनेमातल्या व्हिलनची तीन नावं घेतली. ढिम्म. फक्त किटलीचं झाकण वाजलं की येतं. झाकण काय गळ्यात बांधून फिरू?

तुम्ही विचाराल, ट्रॅक्टर का उभा आहे. स्वप्नालीकडून कळलंच असेल की मी वैरण डोक्यावरून आणते. बॅटरी उतरली असेल. आणि दुसरं म्हणजे ते पिल्लू सारखं ट्रॉलीखाली झोपतं. तिथं सावली असते, गार असतं, कुत्र्यांना ती जागा आवडते. तुम्हीच मला गाडी शिकवलीत. बाईनं ट्रॅक्टर हाकला म्हणून चौकात लोक बोलले, तेव्हा तुम्ही चौकात जाऊन म्हणालात, ‘माझी सून हाय. तुमच्या पोटात का दुखतंय?’ आणि शिकवताना पहिला धडा गिअरचा नव्हता. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर तीन थापा, फौजदारला एक हाक, तो बाहेर आलेला डोळ्यांनी बघायचा, मग किल्ली. आता हाक मारायची तर नाव नको?

म्हणून म्हणते, या आणि नाव ठेवा. ऊस तोडायला आला की ट्रॅक्टर लागणार आहे.

अनुजा


कोडोली, १३ सप्टेंबर

ती. आण्णांना,

काल गौरी-गणपती गेले. तुमच्या ताटातला मोदक मी गोठ्यात कुणाला घातला असेल ते ओळखा.

शेजारच्या विठाबाई आपल्या घराशी बोलत नाहीत. का, ते सांगते. सगळा दोष माझा, आणि थोडा गोबरगॅसच्या हौदाचा.

विठाबाईंच्या अस्मिताला बघायला वडगावचे पावणे आले होते. मुलगा, मुलाचे आई-वडील आणि मामा. मामा पांढराशुभ्र, विजार-शर्ट-टोपी, बुटाला सुद्धा खडू लावला असावा. ओसरीवर कांदेपोहे फिरत होते. विठाबाईंनी मला चहा करायला बोलावलं होतं. मी चुलीपाशी, आणि आपलं पिल्लू इकडं सरपंचिणीच्या शेपटीशी खेळत होतं. सरपंचिणीनं शेपूट झटकलं, ते भेलकांडलं आणि हौदात पडलं.

बाहेर आलं तेव्हा नाकापासून शेपटापर्यंत हिरवं. घाबरलेलं. घाबरलं की ते मला शोधतं, आण्णा, वासावरून. कुंपणाच्या भोकातून सरळ विठाबाईंच्या ओसरीवर. मुलाचा मामा तेवढ्यात अस्मिताला विचारत होता, ‘सैपाकात काय काय येतंय?’ आणि त्यांच्या समोर येऊन पिल्लानं अंग झाडलं.

तुम्ही कुत्र्याला अंग झाडताना बघितलंय. डोक्यापासून सुरुवात होते आणि शेपटाच्या टोकाला संपते. मध्ये थांबवता येत नाही.

मामांच्या टोपीवर, पोह्यांत, मुलाच्या मोबाइलवर, सगळीकडं. मग अस्मिता हसली. मान खाली घालून बसलेली पोरगी, पदर तोंडाला लावून जी हसायला लागली ती थांबेना. मुलाची आई म्हणाली, ‘पोरगी लय हासती.’ आणि पावणे उठले.

विठाबाईंनी मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण संध्याकाळी अस्मिता कुंपणापाशी आली, पिल्लाला बिस्किटाचा अख्खा पुडा घातला आणि मला म्हणाली, ‘वैनी, त्यो मला पसंतच नव्हता. आईला सांगायचं धाडस हुईना झालतं.’

मी तिला म्हटलं, धाडस करायला शीक, बाई. सांगायचं ते वेळेवर सांगावं. आणि हे बोलून मी घरात आले ती रडतच बसले. पिल्लू पायाशी बसून माझा पदर चावत होतं.

आण्णा, तुमचा गोंडा अजून खुंटीला आहे. बेंदराला बैलाच्या गोंड्यांबरोबर फौजदारसाठीही आणलेला तांबडा. त्यावर धूळ बसते, मी रोज झटकते.

अनुजा


कोडोली, ६ ऑक्टोबर

ती. आण्णांना,

स्वप्नालीचा फोन आला होता. तुम्ही पडलात म्हणे. पलीकडच्या वाडीत कुत्रं भुंकलं, तुम्हाला वाटलं फौजदारचा आवाज, आणि तुम्ही भर पावसात ओढा ओलांडायला गेलात. गुडघा सुजलाय, आणि तरी आत्तींना म्हणता, ‘दोन दिसांत बरं वाटंल, मग पल्याड जाऊन बघून येतो.’

जाऊ नका. तुम्हाला माझी शपथ आहे, जाऊ नका.

इथं एक गोष्ट झाली आहे, ती लिहायला मी सकाळपासून चार वेळा बसले. पिल्लू हल्ली उकरायला शिकलंय. आधी माझ्या चपला पुरल्या, मग ह्यांच्या कंपनीचा पास. सगळं हसण्यावारी नेलं. पण ते विहिरीकडच्या बांधाकडं जायला लागलं की मी दगड मारून हाकलत होते. हे म्हणायचे, ‘का मारतीस त्याला? तिथं काय सोनं पुरलंय?’

काल दुपारी मी पीठ मळत होते. ते आलं, शेपूट हलवत, आणि तोंडातलं काहीतरी माझ्या परातीपाशी ठेवलं. चांगलं काम केलं असं त्याला वाटत होतं. माझ्याकडं बघत बसलं, शाबासकीसाठी.

मी ते पिठाच्या डब्यात लपवलं. रात्री ह्यांना भाकरीत कचकच लागली.

हे पत्र मी टाकणार नाही कदाचित.

अनुजा


कोडोली, ९ ऑक्टोबर

आण्णा,

इथून पुढचं स्वप्नालीनं वाचू नये. पोरी, कागद आण्णांच्या हातात दे आणि त्यांचा चष्मा आणून दे.

आण्णा, फौजदार मेला. तीन महिने झाले. मी मारला.

बेंदराच्या आदल्या दिवशी तुम्ही मामलेदारसाठी रंग आणि गोंडे आणायला बाजारात गेला होता. मी वैरण आणायला ट्रॅक्टर काढला. माझ्या आईचा फोन चालू होता, पुरणाचं काहीतरी, किती डाळ, किती गूळ. फोन कानाला आणि खांदा वर. थापा मारल्या नाहीत. हाक मारली नाही. गाडी मागं घेतली. तो ओरडलाही नाही, आण्णा. मला फक्त चाक वर चढल्यासारखं वाटलं. मी उतरले तेव्हा तो माझ्याकडं बघत होता, आणि एकदा शेपूट हलवलं. मग संपलं.

मला काही सुचलं नाही. मला एवढंच दिसत होतं की तुम्ही येणार, आणि तुम्ही चौकात उभं राहून ज्या सुनेसाठी भांडलात तिनं पहिलाच धडा विसरून तुमचा कुत्रा चिरडला. मी खोरं घेतलं आणि विहिरीकडच्या बांधाला, शेवग्याच्या बुडात त्याला पुरलं. पट्ट्यासकट. जागेवर चिपाड टाकलं. हात धुतले आणि पुरण शिजत घातलं.

तुम्ही आलात, पिशवीतून तो तांबडा गोंडा काढलात आणि माझ्या हातात दिलात. ‘कुठं गेला गं आपला फौजदार?’ मी म्हटलं, सकाळपासून दिसला नाही, कुत्रीच्या मागं गेला असेल. तुम्ही हसलात. ‘ह्या वयात? बेनं लय गुलामाचं हाय की!’ ते तुमचं हसणं, आण्णा. मला वाटलं आज राहू दे, उद्या सांगू. उद्याला बेंदूर होता. परवाला तुम्ही त्याच्या ताटलीत पोळी ठेवून दारात बसला होता. रोज सांगणं जड होत गेलं.

पिल्लू त्यासाठीच आणलं. तुम्ही विसराल म्हणून. केवढी मी शहाणी.

पिल्लानं त्या दिवशी परातीपाशी जे आणून ठेवलं तो पट्टा होता, घुंगराचा. दोन घुंगरं अजून वाजतात. ह्यांना काल रात्री सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘आण्णास्नी मी सांगू का?’ मी म्हटलं, नाही, मीच लिहिते.

मला माफ करा असं लिहायला हात उचलत नाही. फौजदार मेला हे तर पाप आहेच, पण चूक होते माणसाची. तुम्हाला मी तीन महिने पावसात हाका मारायला लावल्या, हे मी चुकून केलं नाही. हे रोज उठून केलं.

आता त्या ओढ्याकडं जाऊ नका. तो तिथं नाही. मला काय वाटेल ते बोला, पण घरी येऊन बोला.

ट्रॅक्टरची बॅटरी उतरलेली नाही. मला किल्ली फिरवता येत नाही, एवढंच.

अनुजा


कोडोली, आपल्याच घरी, १४ नोव्हेंबर

आण्णा,

तुम्ही ओसरीवर बसलात आणि मी चुलीपाशी, मध्ये अकरा पावलं, आणि तरी पत्र लिहिते आहे. सवय लागली. आणि काही गोष्टी तोंडानं बोलायला गेले की मी भांडायला लागते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीतून उतरलात, काठी टेकत, तेव्हा मी दारात होते. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. सरळ विहिरीकडं गेलात. मी लांब उभी राहिले. तुम्ही शेवग्यापाशी बसलात, दुखरा पाय पसरून. पिल्लू तुमच्या मागं गेलं होतं, त्याला तुम्ही हाकललं नाही. परत आल्यावर एकच वाक्य बोललात. ‘तीन म्हैनं मी त्याला हाका मारत हिंडलो गं.’

त्यानंतर महिनाभर एक शब्द नाही. दिवाळी त्यातच गेली. पाडव्याला तुम्ही मला ओवाळणी घातली, ती सुद्धा पाटावर ठेवून, हातात नाही. बोलायचं तर पिल्लाशी. ‘सांग तुझ्या मालकिनीला, च्यात साखर कमी टाक.’ ‘सांग तिला, तलाठीण आज दूध चोरायलीया.’ आणि ते बिचारं तुमच्याकडून माझ्याकडं, माझ्याकडून तुमच्याकडं बघत बसायचं. मीही चढून गेले. ‘सांग तुझ्या आण्णांना, साखर कमीच आहे, जिभेला कडू लागतंय ते दुसरंच काहीतरी.’ हे तोंड धुवायच्या निमित्तानं बाहेर जाऊन हसत होते. मला मात्र हसू येत नव्हतं. वाटायचं, ऊस तोडायला येईल, तुम्ही गाडी दुसऱ्या कुणाला सांगाल, आणि मला गाडीची किल्ली परत कधी दिसणार नाही. त्याहून वाईट म्हणजे, बरोबरच होईल ते.

खुंटीवरचा गोंडा एक दिवस दिसला नाही. मी शोधला नाही. शेवग्याला बांधलेला दिसला दोन दिवसांनी.

आता काल सकाळचं. तुम्हाला माहीत आहे काय झालं, तुम्हीच केलंत. पण तुम्ही ट्रॉलीच्या मागं होता आणि मी पुढं, तुम्हाला माझं तोंड दिसलं नाही. तेवढ्यासाठी हे पत्र.

ऊसतोडीची टोळी फडात पोचली होती. म्हशींना उसाच्या शेंड्याचं वाढं आणायला ट्रॅक्टर पाहिजेच होता, आणि हे पहिल्या पाळीला गेलेले. तुम्ही खुंटीची किल्ली काढलीत आणि ओसरीच्या काठावर ठेवलीत. कुणासाठी, ते बोलला नाहीत. मी बराच वेळ तिच्याकडं बघत उभी होते. मग घेतली. सीटवर बसले. किल्ली भोकात घातली आणि हात तिथंच राहिला. पायाखाली ते चाक वर चढल्यासारखं वाटायला लागलं, आण्णा, गाडी बंद असताना. उतरून जावं आणि म्हणावं, मला जमणार नाही, दुसऱ्या कुणाला सांगा, असं ठरवलं होतं. एक पाय खाली टाकला होता.

तेव्हा फाळक्यावर थाप पडली. एक. मग दुसरी. मग तिसरी.

आणि तुमचा आवाज. शाहूवाडीच्या डोंगरात ज्यानं दोन महिने हाका मारल्या, तो घोगरा झालेला आवाज. ‘हवालदार! ए हवालदार! भाईर ये रं!’

मला आधी कळेना कुणाला बोलावता. मग कळलं, आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. हेच सांगायचं होतं. तुम्हाला वाटलं असेल मी क्लच शोधते आहे.

ते बेणं ट्रॉलीखाली नव्हतंच. तुम्ही गुडघा धरून खाली वाकलात, बघितलंत, परत हाक मारलीत, आणि साहेब आले वैरणीच्या गंजीतून, अंगाला कडबा लागलेला, तोंडात माझी चप्पल. तुम्ही त्याला मानेला धरून जवळ घेतलंत आणि सांगितलंत ते मी ऐकलं. ‘हवालदार म्हनून भरती हाय तुझी. फौजदार व्हायला त्याला अकरा वर्सं लागलीती.’

मग तुम्ही त्याला बगलेत धरून बाजूला उभे राहिलात. आणि मान वर करून, पिल्लाला नाही, मला म्हणालात, ‘खाली कोन न्हाय. म्या बघितलंय. काढ गाडी.’

मी काढली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत पहिल्या गिअरातच ठेवली. मागं तुम्ही ओरडत होता, ‘सावकास गं, पोरी!’ आणि हवालदार तुमच्या बगलेतून सुटून भुंकत होता.

आज सकाळी तुमचा गुडघा धरला होता, म्हणून तुम्ही उठला नाहीत. मी एकटीच गेले. तीन थापा मारल्या, एक हाक मारली. आला, आण्णा. पहिल्याच हाकेला आला. मी डोळ्यांनी बघितला आणि मग किल्ली फिरवली.

हे पत्र चहाच्या पेल्याखाली ठेवते आहे. साखर कमी टाकलीय.

अनुजा